ढोबळी मिरचीच्या सोबतीला काय लावू? गेल्या वर्षी बारातली सात झाडं उभ्या उभ्या गेली

परस_बांदोडा

नमस्कार मंडळी. चतुर्थी झाली, पाऊस आता संध्याकाळचा एखादा शिडकावा मारून जातो एवढाच, म्हणजे परत परसाकडे बघायचे दिवस आले म्हणून विचारतेय. घरामागे माझा साधारण दहा बाय बारा फुटांचा तुकडा आहे, माती तांबडी, दोन बाजूंनी चिऱ्यांचा गडगा, पश्चिमेला एक माड. गेल्या वर्षी हौसेने ढोबळी मिरचीची बारा रोपं आणून लावली, त्याच्याच बाजूला सहा वांगी आणि चार टोमॅटो, कारण पाण्याची नळी तिथपर्यंतच पोचते आणि मला वाटलं सगळं एकाच जागी असलं की लक्षही राहतं.

जानेवारीपर्यंत झकास चाललं होतं. पहिल्या मिरच्या मुठीएवढ्या झाल्या आणि एके दिवशी दुपारी एक झाड मान टाकून बसलं, संध्याकाळी परत उभं, दुसऱ्या दिवशी परत तसंच, तिसऱ्या दिवशी उठलंच नाही. पानं हिरवीगार, पिवळं एकही नाही, पण सगळी लोंबकळलेली. मग त्याच्या शेजारचं, मग पलीकडचं. रोपं जिथून आणली तिथे विचारलं तर म्हणाले पाणी कमी पडतंय, म्हणून मी पाणी वाढवलं तर आणखीच भराभर गेली. बारातली सात गेली, दोन वांगीपण गेली, आणि जी पाच राहिली त्यांची पानं वाकडीतिकडी होऊन शेंड्याला गुच्छ झाले, सगळ्या मोसमात मिळून धड आठ-नऊ मिरच्या मिळाल्या असतील. लेकीला भरली ढोबळी फार आवडते, ती रोज शाळेतून आली की दप्तर न ठेवताच मागे जाऊन मोजायची किती लागल्या, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

यंदा म्हटलं नीट करूया. वाचलं की मिरचीच्या बाजूला सोबतीची झाडं लावली की रोगकिडी कमी येतात. पण याद्या बघितल्या तर त्यात गाजर, पार्सली, जिरेनियम, नॅस्टर्शियम असलं काय काय, त्यातलं अर्धं आपल्याकडे नीट येतपण नाही. आणि शेजारच्या काकी म्हणतात परसात आधीच लवंगी मिरची आहे, तिच्याजवळ ढोबळी लावलीस तर तीपण तिखट होणार. हे खरं आहे का?

तर गोव्यात, आपल्या मातीत, आपल्या हवेत ढोबळीच्या बाजूला खरंच काय लावायचं आणि काय अजिबात नाही, कोणी स्वतः केलेलं सांगाल का?


गच्चीवरची_पर्वरी

ताई मी गच्चीवर करते, सगळं ग्रोबॅगमध्ये, पण चार वर्षं ढोबळी घेतेय म्हणून सांगते. माझ्याकडे तीन गोष्टी कायम असतात, झेंडू, तुळस आणि कोथिंबीर. कोथिंबीर खाण्यासाठी नाही हां, ती मी मुद्दाम फुलावर जाऊ देते. तिची ती बारीक पांढरी छत्रीसारखी फुलं आली की त्यावर एक छोटी पट्टेरी माशी येते, मधमाशीसारखी दिसते पण हवेत एका जागी थांबते आणि चावत नाही. ती माशी मिरचीच्या पानावर जिथे मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, असतो तिथे अंडी घालते आणि तिची अळी मावा खाते. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं, पानाच्या खाली हिरवट, चपटी, बिनपायाची गोगलगायीसारखी अळी दिसली म्हणून मी चिमटीत धरून मारल्या बऱ्याच. मग एकदा सकाळी चहा घेऊन बसले होते तेव्हा बघितलं, ती अळी तोंड वर करून एक मावा उचलते, हलवते, शोषते आणि रिकामं साल टाकून देते, माझा चहा संपेपर्यंत तिने पाच-सहा संपवले. तेव्हापासून हात लावत नाही.

तसंच लेडीबर्डचं. ती लाल ठिपकेवाली सगळ्यांना ओळखू येते पण तिचं पिल्लू कोणाला येत नाही, काळं, खरखरीत, नारिंगी ठिपक्यांचं, एकदम छोट्या मगरीसारखं. लोक कीड समजून चिरडतात. नका चिरडू, मोठ्यांपेक्षा तेच जास्त मावा खातं.

कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी चिमूटभर पेरत राहा म्हणजे कुठली ना कुठली फुलावर असते. आपल्याकडे ती लवकर फुलावर जाते म्हणून सगळे वैतागतात, इथे तेच कामाला येतं.

तुळशीचं म्हणाल तर वासाने कीड पळते वगैरे मला तरी छातीठोक सांगता येणार नाही, पण मंजिऱ्यांवर त्या बारीक काळ्या न डसणाऱ्या माश्या दिवसभर असतात आणि त्याच मग मिरचीच्या फुलावर जातात. ढोबळी स्वतःच्या परागावर धरते हे खरं, पण माश्या फिरल्या की बी जास्त धरतं आणि मिरची चारी बाजूंनी सारखी फुगते, नाहीतर एका बाजूला चेपलेली येते. माशी नसेल तर सकाळी फांदीला बोटाने हळू टिचकी मारा, तेवढंही चालतं.


वायंगणी

ताई, तुम्ही लिहिलंय ते वाचून मला आधी सोबत कोणाची हे नाही सुचत, मला ती सात झाडं सुचतात. हिरवं पान, दुपारी मान टाकणं, संध्याकाळी उठणं, तिसऱ्या दिवशी खलास, आणि पाणी वाढवल्यावर वेग वाढला. हे तहानेचं लक्षण नाही, हा मर रोग आहे, आणि माझ्या अंदाजाने जिवाणूंचा, बॅक्टेरियल विल्ट म्हणतात तो. राल्स्टोनिया म्हणून जिवाणू असतो, मातीत राहतो, मुळाला कुठे जखम झाली की आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढत वाढत त्या बुजवून टाकतो. मुळाशी पाणी आहे आणि झाड तहानेने मरतंय, असा प्रकार. ओल आणि ऊब त्याला आवडते, आणि आपल्याकडे दोन्ही भरपूर.

मी आगशीच्या बाजूचा, घरात वांग्याची शेती आजोबांपासून, त्यामुळे हा रोग आमच्या घरातलाच म्हणा. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा सगळी एकाच कुळीची आणि हा रोग सगळ्यांना लागतो. तुम्ही बारा मिरच्या, सहा वांगी, चार टोमॅटो एकाच पाण्याच्या ओळीत लावली, म्हणजे त्याला एका घरातून दुसऱ्या घरात जायला वाट करून दिली. वरून वाहणारं पाणी, खुरपं, पायाची माती, सगळ्यांतून तो जातो.

म्हणून मी म्हणतो, मिरचीच्या बाजूला कोण आहे हे नंतर बघू, मिरचीच्या आधी त्या जागेत कोण होतं हे पहिलं. आमच्याकडे आगशी-ताळगावला जुनी रीत काय, पावसात शेतात भात, भात कापलं की त्याच शेतात वांगी, मिरची, भाजी. लोकांना वाटतं जागेच्या टंचाईमुळे. पण पावसाळाभर शेत पाण्याखाली तुंबून असतं त्याने मातीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अगदी बारीक कृमी, आणि या मरीचा जोर दोन्ही खाली येतात, आणि भात वेगळ्या कुळीचं, त्याला हा रोग धरत नाही. मिरचीची खरी सोबत म्हणजे भात, फक्त तो तिच्याआधी येऊन जातो.

आता तुम्ही परसात भात नाही करणार, पण मका करू शकता, अळसांदे म्हणजे चवळी करू शकता, तांबडी भाजी, मुळा करू शकता. त्या तुकड्यात दोन-तीन वर्षं वांगी-टोमॅटो-मिरची-बटाटा काहीच नको.

पण आधी खात्री करा. परीक्षा सोपी आहे, आमच्या वडिलांना कृषी खात्याच्या एका माणसाने बांधावर उभं राहून दाखवलेली. मरायला लागलेलं झाड, सुकलेलं नाही हां, मान टाकलेलं पण अजून हिरवं, त्याचं जमिनीजवळचं खोड बोटभर लांबीचं कापायचं. काचेच्या पारदर्शक ग्लासात स्वच्छ पाणी घ्यायचं आणि तो तुकडा वरून असा धरायचा की फक्त कापलेलं टोक पाण्यात बुडेल. हात हलवायचा नाही. दोन-चार मिनिटांत त्या टोकातून दुधाची बारीक तार खाली सुटते, धुरासारखी पण खाली जाणारी. तार आली म्हणजे जिवाणू. नाही आली तर बुरशीची मर असेल किंवा मुळावर सूत्रकृमी, तेव्हा झाड उपटून मुळं बघा, मण्यांसारख्या गाठी दिसतात का.

झेंडूबद्दल. झेंडू चांगलाच, आमच्याकडे रोजां म्हणतात, दसऱ्याला लागतातच. पण लोक एक झाड कोपऱ्यात लावतात आणि म्हणतात झालं काम. त्याची दोन वेगळी कामं आहेत. सूत्रकृमी मारायचे असतील तर बुटका फ्रेंच झेंडू, आणि तो मिरचीच्या बाजूला नाही, मिरचीच्या आधी, त्याच जागेत दाटीने दोन महिने वाढवायचा आणि मग तिथेच मातीत गाडायचा. त्याच्या मुळांतून जे द्रव्य सुटतं ते त्या मुळांच्या आसपासच काम करतं, दोन फुटांवरच्या मिरचीला त्याचा उपयोग नाही. दुसरं काम अळीचं. बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेने टोमॅटोसाठी पद्धत दिलीय, टोमॅटोच्या 16 ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची 1 ओळ, आणि लावताना झेंडूचं रोप 45 दिवसांचं पाहिजे, टोमॅटोचं 25 दिवसांचं. का, तर दोघांची फुलं एकाच वेळी यायला पाहिजेत, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो. झेंडू उशिरा लावला तर तो शोभेला. हीच अळी ढोबळीलाही भोक पाडते म्हणून हिशोब तोच ठेवा, झेंडूचं बी मिरचीच्या बियाच्या आधी तीन आठवडे टाका. जिवाणूच्या मरीवर मात्र झेंडूचा भरवसा धरू नका.

आणि चुना. आपली तांबडी माती आंबट, सामू, म्हणजे पीएच, बऱ्याच ठिकाणी साडेपाचच्या आसपास, ढोबळीला 6 ते 6.8 बरा पडतो. जुन्या गोव्याला कृषी विज्ञान केंद्र आहे तिथे माती दाखवा, किती चुना ते तपासणीवरूनच कळतं, अंदाजाने ओतू नका. चुना टाकला की दोन-तीन आठवडे थांबा, मग शेणखत.


काणकोणकार

तिखटाचं मी सांगतो, आमच्याकडे खोला मिरची, 2019 मध्ये जीआय, म्हणजे या भागाचीच म्हणून सरकारी ओळख, मिळाला तिला, डोंगराच्या उतारावर पावसावर करतात. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला पाहुणे नेहमी विचारतात.

काकींना सांगा यंदाची ढोबळी तिखट होणार नाही, लवंगीला चिकटून लावली तरी नाही. मिरचीचं जे आपण खातो, साल आणि आतली पांढरी शीर, ते सगळं आईच्या झाडाचं अंग, परागकण कुठूनही येवो ते बदलत नाही. तिखटपणा त्या पांढऱ्या शिरेत तयार होतो, बियात नाही. परागाचा परिणाम फक्त आत जे बी तयार होतं त्यावर. म्हणजे ते बी ठेवून पुढच्या वर्षी लावलंत तर मात्र काय येईल सांगता येत नाही, दिसायला ढोबळी आणि चावल्यावर डोळ्यातून पाणी. काकींनी कधीतरी घरचं बी लावून ते बघितलं असणार, म्हणून त्या म्हणतात, त्या खोटं नाही सांगत.

बी ठेवायचंच असेल तर कळी उमलायच्या आधी तिला पातळ मलमलीची पिशवी बांधा, फळ धरलं की काढा आणि देठाला दोरा बांधून खूण करा. पण हायब्रीड असेल तर बी ठेवण्यात अर्थ नाही, ते तसंच येत नाही.


साखळीचो_परसू

मी वांग्याच्या जागी भेंडी लावायचा विचार करतोय मिरचीच्या बाजूला, आणि गडग्यावर काकडी सोडायचा. वेगळ्या कुळीची आहेत दोन्ही म्हणजे चालतील ना? आणि कांदा? कांद्याच्या वासाने कीड येत नाही म्हणतात.


गच्चीवरची_पर्वरी

@साखळीचो_परसू कांद्याची पात मी लावते, मुळं वरवर राहतात, मिरचीच्या मुळाशी भांडत नाहीत, आणि ग्रोबॅगच्या कडेने मस्त बसते. पण माझ्याकडे एक वर्षी फेब्रुवारीत पातीवर पांढरे चट्टे आले आणि पाठोपाठ मिरचीचीही पानं वळली, म्हणून आता कमीच लावते.


वायंगणी

@साखळीचो_परसू भेंडीची मर वेगळी पण पांढरी माशी, मावा आणि मुळावरच्या गाठी भेंडीलाही तेवढ्याच येतात. ढोबळीच्या उरावर नको, पाच-सहा फूट तरी लांब. काकडी, दोडकी, चिबूड यांचंही तसंच, काकडीला जो मोझॅक व्हायरस येतो तोच मिरचीलाही लागतो आणि मावा तो इकडून तिकडे नेतो. गडगा लांब असेल तर सोडा, मिरचीवर वेल येईल इतका जवळ नको.

कांद्यावर पर्वरीच्या ताईंचं बरोबर आहे. कांद्याचे फुलकिडे आणि मिरचीचे फुलकिडे मुख्यतः वेगळ्या जातीचे, पण कांद्यावरचे मिरचीवरही जातात. म्हणून वासाच्या भरवशावर राहू नका. पात लावायची तर थोडी लावा आणि चट्टे दिसले की कापून भाजीत घाला.

आणि मूळ प्रश्नात पानं वाकडी होऊन गुच्छ झालेले पाच झाडांचे, त्यावर कोणी बोललं नाही. त्याला आपण बोकड्या म्हणतो, चुरडा-मुरडाही म्हणतात, पण तो एक रोग नाही, तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं तर बहुतेक फुलकिडे. खालच्या बाजूला, म्हणजे होडी पालथी घातल्यासारखं, आणि देठ लांबलेला, तर कोळी, जाळ्यातला नव्हे, माइट म्हणतात तो, डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. आणि पान लहानच राहिलं, शिरा पिवळ्या, शेंड्याला झुबका, नवीन पालवीही तशीच येत राहिली तर व्हायरस, पांढऱ्या माशीने आणलेला. पहिल्या दोघांवर उपाय होतो, व्हायरसवर होत नाही, ते झाड काढून टाकायचं.

फुलकिडे बघायला उमललेलं फूल पांढऱ्या कागदावर उलटं धरून टिचकी मारा. कागदावर पिवळसर अर्ध्या तिळाएवढ्या रेघा पडतील, क्षणभर गप्प आणि मग चालायला लागतील. दोन-तीन असल्या तर राहू दे, एका फुलात आठ-दहा असतील तर दर लिटर पाण्याला 5 मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी, पानाच्या खालून. कोळ्याला पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, तेही ऊन उतरल्यावर. तेल आणि गंधक एकत्र किंवा लागोपाठ कधीच नको, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ देत, नाहीतर पानं करपतात.

व्हायरससाठी मका उपयोगाचा. मिरची लावायच्या दोन-तीन आठवडे आधी वाफ्याच्या कडेने मक्याच्या दोन ओळी दाट पेरायच्या. उडत येणारी पांढरी माशी आणि मावा आधी मक्यावर उतरतात. माव्याच्या तोंडात असलेला मोझॅक व्हायरस मक्यात सोंड खुपसून खुपसून तिथेच पुसला जातो आणि मक्याला तो लागत नाही. भिंतीसारखं काम करतो तो. फक्त पूर्व-दक्षिणेला दाट करू नका, सकाळचं ऊन मिरचीला पाहिजेच. पश्चिमेला करा, म्हणजे मार्चच्या दुपारी सावलीही मिळेल.

तंबाखूही त्याच कुळीचा. घरात कोणी तंबाखू मळत असेल किंवा विडी-सिगरेट ओढत असेल तर मिरचीला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवा. तंबाखूचा मोझॅक व्हायरस हातानेही जातो.


काणकोणकार

मोसम चुकवू नका हे मी पुढे जोडतो. ढोबळी म्हणजे थंडीची पोर. दिवसा 32 अंशांच्या वर आणि रात्री 24-25 च्या वर गेलं की फुलं गळतात, मग बाजूला काहीही लावा. आपल्याकडे रात्री थंड म्हणजे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचे सुरुवातीचे दिवस. त्या वेळात झाड फुलावर असायला पाहिजे, म्हणजे बी आत्ताच ट्रेमध्ये, रोप 35-40 दिवसांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला जागेवर. बरेच लोक तुळशीचं लग्न झाल्यावर बी टाकतात आणि मार्चमध्ये फुलं गळतात म्हणून रडतात. बेळगावची ढोबळी बाजारात बारा महिने असते म्हणून आपल्यालाही वाटतं कधीही होईल, पण त्यांची हवा वेगळी.


परस_बांदोडा

देव बरें करूं सगळ्यांचं, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

वायंगणी काका, तुमची ग्लासाची परीक्षा केली. गेल्या वर्षीच्या वांग्याच्या जागी एक वांग्याचं रोप आपोआप उगवलं होतं, मी कौतुकाने ठेवलेलं, तेच परवा मान टाकायला लागलं. दुपारी कापलं आणि लेकीला ग्लास धरायला लावला. आधी काहीच नाही, ती म्हणाली आई काय होत नाही, आणि मग कापलेल्या टोकाखाली एक पांढरी बारीक रेघ, हलकीशी वाकडी होत खाली गेली, मग दुसरी. पाच मिनिटांत ग्लासाचा तळ गढूळ. दोघी बघतच राहिलो. म्हणजे गेल्या वर्षी मी रोज संध्याकाळी नळी लावून त्या रोगाला एका झाडाकडून दुसऱ्याकडे नेत होते. पाणी कमी पडतंय म्हणून सांगितलं तेव्हा जर कोणी हा ग्लास दाखवला असता तर निम्मी तरी वाचली असती असं सारखं मनात येतंय.

आता ठरवलंय की त्या तुकड्यात यंदा मका आणि अळसांदे, मध्ये तांबडी भाजी. ढोबळी पूर्वेच्या गडग्याला ग्रोबॅगमध्ये, आठच रोपं. बॅगेत काय भरू? तुकड्यातली माती उन्हात वाळवून घेतली तर चालेल का, बाहेरून माती आणायला इथे त्रास होतो. आणि अळसांद्यावर काळा मावा खूप येतो, तो मिरचीवर नाही का जाणार?


गच्चीवरची_पर्वरी

ताई तुकड्यातली माती नको, अजिबात नको, उन्हात वाळवली तरी भरवसा नाही. मी कोकोपीट, गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, आणि जिथे कधी वांगी-मिरची लावली नाही अशा जागेची माती, तिन्ही सारख्या मापाने घेते. माती कुठून मिळते बघा, काजूच्या किंवा आंब्याच्या खालची वरवरची काळसर माती चालते, चाळून घ्या. बॅग पंधरा इंचांची तरी घ्या, एका बॅगेत एकच रोप, कडेने कोथिंबिरीचे चार दाणे. झेंडू वेगळ्या छोट्या बॅगेत ठेवा म्हणजे हलवता येतो.

ग्रोबॅगला पाणी रोज थोडं पण न चुकता. दोन दिवस कोरडं आणि मग भरभरून दिलं की मिरचीच्या खालच्या टोकाला काळा चट्टा पडतो, कॅल्शियम झाडात असूनही फळापर्यंत पोचत नाही म्हणून. वरून सुका पातेरा पसरा, पण पाऊस पुरता गेल्यावरच. ओल्या पातेऱ्याखाली गोगलगायी बसतात आणि एका रात्रीत कोवळं रोप साफ करतात.


वायंगणी

अळसांद्यावरचा काळा मावा शेंगवर्गावर जास्त रमतो, आणि त्याच्या मागे लेडीबर्ड येतात, त्या मग मिरचीवरही फिरतात. म्हणून थोडा मावा असू द्यावा. पण अळसांद्यावरून चालत जाणारे तांबडे हुमले, म्हणजे मोठ्या लाल मुंग्या, दिसले तर त्यांची वाट तोडा, कारण हुमले माव्याच्या गोड पाण्यासाठी त्याची राखण करतात आणि लेडीबर्डला हाकलतात. आणि अळसांदे मिरचीच्या बॅगांपासून आठ-दहा फुटांवरच ठेवा, मावा मोझॅक व्हायरस नेतो हे आहेच.

बॅगा सरळ जमिनीवर ठेवू नका. खाली दोन-दोन चिरे घाला. मुळं तळाच्या भोकातून बाहेर येऊन जमिनीत गेली की बॅगेचा उपयोग संपला, आणि तुकड्यातलं पाणी वाहत त्यांच्या खाली येता कामा नये. त्या तुकड्यात वापरलेलं खुरपं बॅगेत घालायचं नाही, निदान धुऊन, उन्हात ठेवून मगच. बॅगांसाठी वेगळं ठेवलं तर सगळ्यात बरं.

त्या वांग्याचं रोप आणि त्याच्या मुळाभोवतीची माती उचलून जाळा किंवा परसाबाहेर खोल पुरा, कंपोस्टात नको. ग्लासातलं पाणी मोरीत उकळतं पाणी घालून ओता, झाडांत नको.

बियाणं घेताना जमलं तर अर्का गौरव मिळतं का बघा, बेंगळुरूच्या त्याच बागवानी संस्थेचं वाण, पिकल्यावर नारिंगी-पिवळं होतं आणि मरीला बऱ्यापैकी तग धरतं. हायब्रीडएवढं देखणं फळ नाही, पण तुमच्या परसात रोग आहे हे माहीत असताना मी तरी तेच घेईन. वांगी परत कधी लावाल तेव्हा जुन्या गोव्याच्या किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारा, मरीला टिकणाऱ्या वांग्यांवर त्यांनी काम केलंय.


साखळीचो_परसू

मी काकडी पुढच्या बाजूला हलवली, भेंडी विहिरीजवळ. ताई मका पेरताना सांभाळा, आमच्याकडे दोन वर्षं मोरांनी दाणे उकरून खाल्ले, सकाळी बघितलं तर ओळीत खड्डेच खड्डे.


परस_बांदोडा

मोर आमच्याकडे सकाळी साडेसहाला गडग्यावर हजर असतात, बरं झालं सांगितलंत. माडाची चुडतं पडलीयत चार, ती ओळींवर आडवी टाकून ठेवते कोंब वर येईपर्यंत. झेंडूचं बी आज टाकलं, ढोबळीचं तीन आठवड्यांनी, म्हणजे काणकोणच्या दादांनी सांगितल्यापेक्षा थोडं उशिरा होईल. की झेंडूची तयार रोपं आणून ढोबळीचं बी आत्ताच टाकू?


काणकोणकार

आत्ताच टाका. दसऱ्याच्या आधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात झेंडूची रोपं मिळतात, कळी नसलेली, उंच जातीची पण अजून लहान असलेली बघून घ्या. झेंडू विकत मिळेल, थंडी विकत नाही मिळणार.


परस_बांदोडा

टाकलं. वीस दाणे, ट्रे पडवीत ठेवलाय, वर ओलं फडकं. लेकीने प्रत्येक खणाला नंबर लिहिलाय.